फेलिसाच्या हातून पुसली गेलेली एक्केचाळीस नावं

फेलिसा सुमागायसाय म्हणजे इलोइलो प्रांताच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नगरपालिकेची एकुलती एक प्रोग्रामर. बाई कामाला वाघ, पण तेच तेच दोनदा लिहायचं म्हटलं की हिच्या कपाळावर आठ्या. वेबसाइटवर नवं पान केलं की त्याचा पत्ता वेगळा नोंदवावा लागतो. हिनं काय करावं? प्रोग्रामलाच स्वतःच्या पोटात डोकावायला शिकवलं. आत जे जे उघडं फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, दिसेल, त्याला त्यानंच पत्ता द्यायचा. रिफ्लेक्शन म्हणतात याला. वर सगळ्या पत्त्यांचं एक पानही आपोआप तयार व्हायचं. चार वर्षं त्यावर मिरवली. मिरवेना का, बिचारीचं दुसरं कौतुक करतंय कोण!

वादळानंतर बेपत्ता कोळ्यांची यादी तिनंच वेबसाइटवर चढवली. एक्केचाळीस नावं, कुणाची बोट कशी, कुठे गेली यासकट, घरच्यांनी फोनवरून स्वतः भरलेली. माणूस सापडला की नाव काढायचं, अशी आमच्याकडची रीत. शोधाच्या बोटीही तीच यादी बघून निघतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला यादी कोरी झाली. यादी तयार करताना चाचणीसाठी तिनं ‘सगळं पुसा’ असं एक फंक्शन लिहिलं होतं आणि ते झाकायचं राहून गेलं होतं. त्यालाही पत्ता मिळाला. कुठल्याशा सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारा प्रोग्राम, पत्त्यांच्या पानावरून एकेक पत्ता उघडत गेला, त्यात हाही उघडला आणि उघडताच ते फंक्शन चाललं. झालं, वाटोळं! वादळात वीज गेल्यापासून बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत, निघालीच नव्हती. फेलिसानं धक्क्यावर फोन लावला, तर यादी कोरी बघून, सगळे सापडले असं समजून बोटी परत फिरलेल्या.

“नुसतं जा म्हणून कसं चालेल, बाई? कोण, कुठली बोट, ते सांगा,” पलीकडचा अधिकारी खेकसला.

तेवढ्यात एका बेपत्ता कोळ्याची आई, मानांग पासिंग, आत आली; मानांग म्हणजे आमच्याकडे थोरल्या बाईला मानाची हाक. हातात केळीच्या पानात बांधलेला गरम भात.

“इंदाय, पोरी, तुझं भलं होवो गं! माझ्या रोडेलचं नाव निघालं! कधी आणतायत त्याला?”

फेलिसानं फोन खाली ठेवला. “मानांग, तो सापडला नाहीये. माझ्या चुकीनं सगळीच नावं पुसली गेली. बोट कशी होती, कुठे गेली होती, परत सांगा ना.”

“चल, काहीतरीच! आख्ख्या गल्लीला सांगून आलेय मी.”

“हात जोडते, मानांग. तुम्ही सांगितलं नाहीत तर त्याला शोधायला कुणी जाणार नाही हो!”

“मी नाही सांगणार. माझा पोर सापडलाय.”

फेलिसा तिथंच हमसून हमसून रडायला लागली. जिन्यावरून बाकीच्या कोळ्यांच्या घरची माणसंही हसत, गलका करत वर येत होती. मानांग हातातला भात टेबलावर ठेवून खुर्चीत बसली.

“हिरवी बोट,” ती म्हणाली. “बाजूला तोल सांभाळणारा एक बांबू नवा. गिमारास बेटाच्या पलीकडे गेला होता.”

फेलिसानं डोळे पुसून ते लिहून घेतलं.

“नाव यादीत तूच घाल, इंदाय. माझ्याच्यानं आता परत नाही व्हायचं.”