अकरा कोंबड्या अन् भाऊजींचं नाक

कोंबडी रोज अंडं देईलच असं नाही. पण खुराडं साफ करायले बसलं, की माणसं मात्र रोज एक किस्सा देऊन जातात! माझ्याजवळ तं टोपलंभर जमले.

आमचं घर पांढुर्ण्याचं. मागचं आंगण माझं अन् माझ्या दिराचं, दोघांचं मिळून. भाऊजी ऑफिसातून रिटायर झालेले बाबू. त्यांना खुराड्याच्या जागी कारसाठी टिनाचं शेड पाहिजे. कार अजून घेतली नाही! म्हणून रोज नाकाले रुमाल लावून म्हणतात, "वहिनी, वास येऊन राहिला. नगरपालिकेचा माणूस आणतो अन् खुराडंच उचलवतो!"

माझ्या अकरा कोंबड्या जातात कुठं मग? म्हणून मी रोज सकाळी खुरप्यानं खरवडते, राख टाकते, कोरडा भुसा पसरवते.

*

एक दिवस सूनबाईले माझी दया आली. तिनं अख्खी फिनाइलची बाटली खुराड्यात ओतली अन् दार लावून घेतलं. कोंबड्या आत! मी धावत जाऊन दार उघडलं, तं अकराच्या अकरा शिंकून राहिल्या.

सूनबाई खुश. "आई, आता कसं हॉस्पिटलसारखं वाटते!"

म्हटलं, "हो बाई, भरतीच करायच्या बाकी राहिल्या!"

*

माझे जावई लोधीखेड्याचे. लय हुशार! त्यांनी आपल्या घरच्या खुराड्यात चकचकीत टाइल्स बसवल्या. "आई, एक पोछा मारला की काम खलास!"

पहिल्याच सकाळी कोंबड्यानं मान वर करून बांग द्यायले सुरुवात केली, अन् दोन्ही पाय दोन दिशेनं गेले. बांग अर्धीच राहिली! कोंबड्या तं नुसत्या घसरून राहिल्या. चौथ्या दिवशी जावयांनी टाइल्सवर पोते आंथरले.

माझी पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणे, "किचनमधे टाइल्स मागून सात वर्षं झाली. मीबी अंडे देऊ काय आता?"

*

सावरगावची माझी मैत्रीण शांता खुराडं ठेवणं मोबाइलवर पाहून शिकली. घाण काढायचीच नाही म्हणे, वरून भुसा टाकत राहायचं. भुसा खालीवर करायचा असते, हे सांगायच्या आधीच तिनं मोबाइल बंद केला असंल!

सहा महिन्यांत खुराड्याची जमीन इतकी वर आली, की कोंबड्या मान वाकवून आत जायच्या. मी इचारलं, "शांते, आता छप्पर वर घेशील, का बुटक्या जातीच्या कोंबड्या आणशील?"

ती म्हणे, "मोबाइलवर पाहून सांगते."

*

वास ओल्याले येते, कोरड्याले नाही. हे मले माहीत, अन् भाऊजींनाही माहीत! भर मे महिन्यात एका सकाळी पाहते, तं खुराड्यातला भुसा ओलागच्च. आंगणात कुठं थेंब नाही. नळाचा पाइप मात्र भाऊजींच्या दारापाशी.

मी सगळा भुसा उचलून फेकला, नवा टाकला. मग मोठ्यानं म्हटलं, "भाऊजी, पेपरवाल्याले कळवा! रात्री पाऊस आला, अन् फक्त माझ्या खुराड्यात पडला!"

दोन दिवस रुमाल दिसला नाही.

*

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा साहेब खरंच आला. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "साहेब, आंगणात चला, मी खुर्ची घेऊन येतो," म्हणून समोरच्या शेजाऱ्याच्या घरी धावले.

साहेब एकटाच मागच्या आंगणात आला. कोंबड्या मी बाडीत, भाजीच्या वाफ्यांकडं सोडल्या होत्या. चुना मारलेल्या खुराड्याले टेकून मी लसूण सोलत बसली होती.

"आजी, ते खुराडं कुठं आहे?"

मी म्हटलं, "मी काय सांगू साहेब? तक्रार वासाची आहे नं? तुम्ही वास येईल तिकडं जा."

साहेबानं माझ्याजवळ हुंगलं. संत्र्याच्या झाडाखाली हुंगलं. मग हळूहळू सरळ गेला, आंगणातच उघडणारं भाऊजींच्या खोलीचं दार ढकललं, आत डोकं घातलं, अन् झटकन रुमाल काढून नाकाले लावला.

तेवढ्यात भाऊजी खुर्ची घेऊन आले. साहेब त्यांना म्हणे, "बाबूजी, यातल्या कोंबड्या कुठं चरायले सोडल्या?"