रंगाखालचा बोल्ट

शनिवारी सकाळी आमची पिकअप सलग चौथ्या दिवशी चालू झाली नाही. चावी फिरवली की नुसतं 'टिक्'... आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. आमचं घर रस्त्याच्या खाली, त्यामुळे धक्का मारून चालू करायचीही सोय नाही.

बाबांनी सतरा वर्षं या गाडीतून मालवणच्या जेटीवरची मासळी वाहिली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांचं चालवणं बंद झालं, आता मी चालवतो. माझ्या हातात आली आणि गाडी विकायची वेळ आली, असं मला सारखं वाटत होतं... बांद्याचा भंगारवाला दुपारी तिला न्यायला येणार होता.

मी दहावीच्या पुढे शिकलो नाही, पण वही ठेवतो. एकेक गोष्ट नंबर घालून लिहिली आणि तपासली. बॅटरी आदल्याच दिवशी चार्ज करून आणलेली, हॉर्न खणखणीत. चावी फिरवली की सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, बारीक वायरवर टेस्ट लॅम्प पेटत होता, म्हणजे इग्निशन स्विचही ठीक. उरला सेल्फ... तो उतरवून उघडायचा म्हणजे अख्खा दिवस.

बाबा काळा चष्मा लावून पडवीत बसले होते. माझ्या वहीच्या पानांची फडफड त्यांना सहन झाली नसावी. चाचपडत गाडीपाशी आले आणि म्हणाले, "वही ठेव थंय. सेल्फ मार."

मी न्यूट्रल तीनदा बघितला, चाकाखाली दगड लावला, मग चावी फिरवली. बाबांनी हौद्याखाली हात घालून बॅटरीची जाड वायर शेवटपर्यंत चाचपली. मला पुन्हा पुन्हा सेल्फ मारायला लावला. मग म्हणाले, "हयसर हात लाव. चटको बसता."

अर्थिंगची वायर जिथे चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने बसते, ती जागा चांगलीच तापली होती. करंट तिथेच अडत होता.

पान्याने बोल्ट काढला. वायरच्या टोकाखाली काळा ऑइलपेंट होता. खारी हवा आणि मासळीचं पाणी लागून चासी गंजू नये म्हणून चतुर्थीआधी मीच ती रंगवली होती. इतकी नीट, की बोल्ट काढून त्याच्याखालची जागाही सोडली नव्हती. रंगातून करंट जात नाही, तो बोल्टच्या आट्यांतून जायचा... पुढचं काम गंजाने केलं.

मी कबूल केलं. बाबा त्या जागेवरून बोट फिरवत म्हणाले, "रंग मात्र बरो मारलंस रे."

पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. बाबा डावीकडचं दार उघडून आत बसले... येऊ नको म्हणून भंगारवाल्याला फोन त्यांनी तिथूनच केला.

वहीत पहिल्या नंबरच्या वर थोडी जागा शिल्लक होती. तिथे लिहून ठेवलंय... 'आधी बाबांना हाक मारणे.'