खड्डा नव्हता, असला तर आमचा नव्हता

सुदाम गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात नगरपालिकेविरुद्धच्या एका गटारीच्या दाव्यात पुढची तारीख घेऊन बाहेर पडत होतो. नांदेडच्या दवाखान्यात पहाटे गेला, म्हणाली. त्याला दीड महिना होऊन गेला. तारीख अजून चालूच आहे.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. नाव घेत नाही, नगरपालिकेत अजून ओळखीची माणसं आहेत. गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीची; लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस रुसला होता. नव्या जिल्ह्याच्या उत्साहात नळयोजनेसाठी सगळे रस्ते खोदले गेले. पाणी नव्हतंच, म्हणून पाइप आले नाहीत आणि पाइप नाहीत म्हणून खड्डे बुजले नाहीत. कुणाची म्हैस पडली, कुणाच्या रिक्षाचं चाक मोडलं, टँकरनं कुणाचा ओटा पाडला, न बसलेल्या नळाची पाणीपट्टी कुणाला आली. दर दोन-चार घरांआड एक दावा. लोकांचा वकील मी आणि नगरपालिकेचा सुदाम. घराण्यातला पहिला वकील, जिद्दीनं शिकलेला. आम्ही सायकलवर बरोबर जायचो, कोर्टात भांडायचो आणि बरोबर परतायचो. त्याचं उत्तर ठरलेलं : खड्डा नव्हता. असला तर आमचा नव्हता. आमचा असला तर त्यावर इशाऱ्याचा कंदील होता. कंदील नसला तर वादीनं बघून चालायला हवं होतं. मला ते तोंडपाठ झालं होतं, आणि आम्ही त्यावर हसायचोसुद्धा.

मग त्याची आई, गयामाय, पहाटे टँकरवर घागर घेऊन जाताना खड्ड्यात पडली आणि तिचा हात मोडला. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती माझ्याकडं आली. दावा लिहा म्हणाली. मी समजावलं, त्याला उत्तर सुदामलाच द्यावं लागेल.

"म्हणूनशान लिवा," ती म्हणाली. "खड्डा व्हता का न्हाई, त्ये मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

सुदाम माझ्यावरच चिडला. आईला थोपवायचं सोडून दावा कसला लिहितोस, म्हणून दोन दिवस बोलला नाही. मग मुख्याधिकाऱ्यांकडं गेला : निदान हा एक खड्डा मान्य करा आणि बुजवा. त्यांनी सांगितलं, एक मान्य केला तर गावातले सगळे मान्य करावे लागतील. आईची केस आहे, दुसरा वकील द्या, म्हणाला; तर तुमची नेहमीची चार वाक्यं तर लिहायची आहेत, असं उत्तर मिळालं. त्या चार वाक्यांपायी तो आठवडाभर नीट जेवला नाही, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.

तारखेला माय पुढच्याच बाकावर बसली होती. न्यायाधीशांनी उत्तर मागितलं. सुदाम उभा राहिला.

"साहेब, माझं वकीलपत्र काढून घेतो. मी या प्रकरणात साक्षीदार आहे. तिला खड्ड्यातून मीच वर काढलं."

माय खूश होईल असं मला वाटलं होतं. बाहेर आल्यावर ती त्याच्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मंग दुसऱ्याच्या खड्ड्याला इतके दिस 'न्हाई' कशापायी म्हनलास, बाबा?"

त्याचं नगरपालिकेचं काम गेलं. नव्या वकिलानं तीच चार वाक्यं टंकून आणली, सुदामचीच उलटतपासणी घेतली, कंदील होता की नव्हता यावर एक अख्खी दुपार घालवली. दावा आम्ही जिंकलो, पण नगरपालिका अपिलात गेली, आणि अपिलाचा निकाल ऐकायला माय राहिली नव्हती. खड्डा मात्र दरम्यान आपोआप कचऱ्यानं भरला.

त्यानंतर सुदामला एक खोड लागली. रस्त्यात उघडा खड्डा दिसला की सायकल थांबवायची, कुठून तरी बाभळीची फांदी आणायची आणि खड्ड्यात रोवायची. उशीर व्हायचा, मी वैतागायचो. तो म्हणायचा, तू हो पुढं. आणि मी उन्हात दोन्ही सायकली धरून उभा.

मागच्या आठवड्यात माझ्याच दारासमोर केबलसाठी खोदलं आणि तसंच टाकून माणसं निघून गेली. गल्लीत आता बाभूळ कुठली? घरातली प्लास्टिकची खुर्ची नेऊन खड्ड्यात उभी केली. संध्याकाळपर्यंत खुर्ची कुणीतरी नेली, खड्डा तेवढा ठेवला. बायको म्हणाली, दावा लावा.

मी दुसरी खुर्ची नेऊन ठेवली.