दोन्ही ठरावांना हात वर करणारा माझा मामा

मामा आज पहाटे झोपेतच गेला. आणि मी अजून त्याच्यावर चिडलेलीच आहे.

महाडच्या बाजारपेठेत त्याचं टेलरिंगचं दुकान. घर मात्र वर, पोलादपूरकडे, नदीकाठी.

मोठा पूर आला की दुकानात पाणी.
रविवारी घरी आला की डोहावर जाऊन माशांना भात.
ते देवाचे मासे. आमच्याकडे कुणी धरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभा होती. महाडचा पूर कमी व्हावा म्हणून नदीतला गाळ काढायचा होता. आमच्या डोहातलासुद्धा.

मी पर्यावरण शिकलेली, घरातली पहिली graduate. तावातावाने बोलले, डोहात पोकलेन उतरू देऊ नका.

सरपंच म्हणाले, "गाळ काढा म्हणणारे, हात वर."
मामाचा हात वर.
"डोह सोडा म्हणणारे?"
मामाचा हात परत वर!

मागून कोणीतरी ओरडलं, "काय रे, दोन्ही पंगतीला जेवतोस काय?"

"दुकान खाली हाय, देव हितं हाय," मामा म्हणाला. "एक हात कापून ठेवू?"

त्याचं मत बाद झालं. बाकीची मतं निम्मी-निम्मी. त्याच्या एका हाताने निकाल लागला असता.

घरी येताना मी भांडले. "मामा, एक बाजू घे ना!"
"तू शिकलीस गो. दोन्ही कसं वाचवायचं, तू सांग."
मी म्हटलं, "त्याचा आधी study करावा लागतो."
"कर मग. तवर मशिनी माळ्यावर चढवतो."

ठराव अडकला, काम लांबलं. पाऊस आला.
डोह वाचला. दुकान बुडलं.

आता पुन्हा तोच विषय निघालाय. डोह तेवढा सोडा, बाकीचा गाळ काढा, असं काहीजण म्हणतात. पण तेवढ्याने पूर उतरेल? खाली खोदलं तर डोहातलं पाणी राहील? मी वाचते, माणसांना विचारते, आणि आणखीच गोंधळते. खालची माणसं आपली, डोहही आपलाच.

आज दुपारी मामीने विचारलं, "दुकान ठेवू का गो? पाणी येल का परत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मामी, मला नाय सांगता येत."

ती माझा हात धरून बसून राहिली.

मामा, शांतपणे जा. मनापासून निरोप.