तेल पाजलेला पट्टा

रायफलीच्या पट्ट्याचा फास दंडात घट्ट बसवायचा, पट्टा ताणायचा आणि पालथं पडून नेम धरायचा. मग रायफलीचं वजन स्नायूंवर न येता पट्ट्यावर येतं. वर्ध्याच्या आमच्या क्लबात बहुतेकांकडे नायलॉनचे पट्टे होते. मला मात्र चामड्याचाच हवा होता. नायलॉन म्हणजे शाळेच्या दप्तराचा बंद, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हा अंगात भलताच ताठा होता.

राज्याच्या संघाची निवड पोळ्यानंतरच्या रविवारी होती. पवनारला घरी बाबा पोळ्यासाठी बैलांच्या जोत्यांना, म्हणजे मानेच्या चामडी पट्ट्यांना, तेल पाजत बसले होते. माझा पट्टा खुंटीवर होता. त्यांनी तोही काढला आणि पोटभर तेल पाजलं. रविवारी मी तो न बघताच पिशवीत कोंबला.

सरावाच्या गोळ्या झाडतानाच फास दंडावरून घसरायला लागला. चामडं लोण्यासारखं मऊ झालं होतं, शेवटच्या भोकात अडकवूनही आवळेना.

"काऊन सरकून राह्यला? माहा नायलॉनचा घे," क्लबात आम्हाला शिकवणारे सर म्हणाले.

वेळ होता. बदलला असता तर निभावलं असतं. पण दप्तराचा बंद मी दंडाला बांधणार? मी नको म्हणाले. रायफलीचं तोंड उतरत गेलं, तशा गोळ्या खाली लागत गेल्या. यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या वयोगटातलं माझं ते शेवटचंच वर्ष होतं.

घरी येऊन पट्टा बाबांच्या अंगावर फेकला. "कोनं सांगितलं होतं तेल लावाले? मी काय बैल हाय?"

"तुह्या दंडावर वळ पाह्यले," ते म्हणाले. "बैलाचं जोतं कोरडं असलं का कातडं सोलते. म्हून लावलं, बेटा."

सरांनी नायलॉनचा पट्टा देऊ केला होता, हे मी बाबांना सांगितलं नाही. अजूनही नाही. नातेवाइकांत आजही विषय निघतो, बापाच्या तेलापायी पोरीचं हुकलं म्हणतात, आणि बाबा खालमानेनं ऐकून घेतात. नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत. मी शेजारी बसून चहा पिते. मला माझीच किळस येते.

आता मी सिंदी मेघेला राहते. परवा बाबा आले होते. माझ्या बॅगेचा बंद तुटायला आला होता. त्यांनी तो पाहिला आणि हळूच म्हणाले, "हात लावू काय?"