दाक्षायणीच्या वाट्याची सायटेशन

लग्नात नवरीचं आडनाव बदलतं, हे एक वेळ ठीक. आमच्याकडं पाळण्यातलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव कोरायचं, पेढे वाटायचे, की झाली जुनी बाई गायब! दुधनीच्या सिद्धप्पांची दाक्षायणी अशीच सोलापुरात येऊन सिद्धेश्वरी झाली. तेव्हा तिची खगोलभौतिकीतली पीएच.डी. झालेली होती. पण सासू गंगम्मा म्हणाल्या, "पुराणातल्या त्या दाक्षायणीनं बापाच्या घरी आगीत उडी टाकली. असलं नाव माज्या घरात नको." नवरा शरणबसव भला माणूस. भल्या माणसांसारखाच तो गप्प बसला.

बाईंचा विषय रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचा उजेड कमीजास्त होत राहतो असे. दाक्षायणी या नावानं त्यांनी त्यातल्याच एका ताऱ्यावर चार शोधनिबंध लिहिले होते. पुढं कॉलेजात शिकवून, घरी कणीक मळून झाली की लॅपटॉप उघडून, त्याच ताऱ्यावर आणखी अकरा लिहिले, ते सिद्धेश्वरीच्या नावानं. आता संशोधकाची पत ठरते ती त्याच्या लेखांचा हवाला किती वेळा दिला गेला यावर. त्याला सायटेशन म्हणतात. इंटरनेटवर दाक्षायणीच्या खात्यात एकेचाळीस सायटेशन आणि सिद्धेश्वरीच्या खात्यात जेमतेम नऊ. बाई एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोघी, आणि त्यातली कर्तबगार ती माहेरची.

दाक्षायणीचा आकडा दरवर्षी चढायचा. बाईंना अभिमान वाटायचा आणि लगेच तळपायाची आग मस्तकात जायची. सगळा राग सासूवर. 'हिनं मला पुसून टाकलं,' असं त्या मनात म्हणायच्या. तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण गंगम्मा काही दूधखुळ्या नव्हत्या. सुनेचं तुटक वागणं त्यांना कळत होतं.

यंदा प्रोफेसरपदाची मुलाखत आली आणि बाईंनी कंबर कसली. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नावबदल छापून आणला, ईमेलवर ईमेल पाठवले आणि दोन्ही खाती एक करून घेतली. विभागप्रमुख शिवयोगी सरांना हसू आवरेना. "म्हणजे दाक्षायणी म्हणजे तुम्हीच की! मला वाटायचं, कोण ही बाई? मॅडम आपल्या प्रत्येक पेपरात हिचंच नाव घेतात!"

बाईही हसल्या. तिथंच काहीतरी खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

मुलाखतीत बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावर ते एकत्र खातं उघडलं. "पन्नास. छान," असं म्हणून त्यांनी माऊसनं एक टिचकी मारली. लेखकानं स्वतःच दिलेले स्वतःचे हवाले गाळायची ती टिचकी. पन्नासाचे सहा झाले.

"नेट गेलं का?" कुणीतरी विचारलं. नेट जागेवर होतं. सिद्धेश्वरी प्रत्येक निबंधात दाक्षायणीचा हवाला देत आली होती. द्यायलाच हवा होता, तारा तोच होता ना. नावं दोन होती तोवर कॉम्प्युटरला वाटत होतं, एक बाई दुसरीचं कौतुक करते आहे. नाव एक झालं आणि बाईंनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतल्यासारखं झालं. हवाले देणाऱ्यांची यादी एका टिचकीवर होती, पण ती त्यांनी कधी उघडलीच नव्हती. आपल्या कौतुकाची चौकशी कोण करतं?

तज्ज्ञ सज्जन होते. त्यांनी हळूच विचारलं, "या ताऱ्याकडं आणखी कुणी पाहतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते. लाजेपेक्षाही वाईट म्हणजे त्यांना एकदम पोरकं वाटलं. इतकी वर्षं आपलं कुणीतरी वाचतंय असं वाटत होतं, आणि वाचणारीही आपणच. पद दुसऱ्याला गेलं.

पद गेलं, नावाचा काहीतरी घोळ झाला, एवढंच शरणबसवनं फोन करून घरी सांगितलं होतं. गंगम्मा दारातच बसून होत्या.

"त्या नावानंच घात केला की, पोरी," त्या म्हणाल्या. "तांदळात ते मीच लिवायला लावलं. तुजं शिक्षण, तुजी मेहनत, समदं माज्यापायी मातीत गेलं. लई चुकलं माजं." आणि सत्तरीच्या त्या बाईनं सुनेपुढं हात जोडले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नावानं घात केला नव्हता, उलट नावानंच इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. पण ते सांगायचं तर आपलं काम कुणी वाचलंच नाही, हे आपल्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. सासूचे हात तसेच जोडलेले होते.

"जाऊ द्या आता," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या, माफ केल्याच्या सुरात, आणि चपला काढून आत गेल्या.