भागीरथीबाईंचं लॅटिन

रिटायर झाल्यावर दत्तात्रय सरांच्या ट्यूशनकडे कुत्रंही फिरकेना. बऱ्हाणपुरातली सगळी पोरं कोचिंगला पळालेली. मग या भल्या माणसाने काय करावं? मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून लॅटिन शिकायला घेतलं, आणि विद्यार्थिनी म्हणून धरली कोण, तर सातवी शिकलेली बायको!

"इंग्रजीतले अर्ध्याहून जास्त शब्द तिकडूनच आलेत, भागी. मूळ कळलं की अख्खं खानदान कळतं."

भागीरथीबाई मटार सोलता सोलता ऐकायच्या. 'मानुस' म्हणजे हात, त्यावरून मॅन्युअल, मॅनेजर, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की मटार सांडले. "हात कामाचे असले तरच माणूस, बराबर आहे त्यांचं!" पण बाई हुशार निघाल्या हो. हळूहळू बाजारातल्या पाट्या वाचायला लागल्या. दातांच्या दवाखान्यासमोर थांबून 'डेन्स, डेंटल' म्हणायच्या, आणि सरांची छाती फुगायची. "हिच्यापासून आता इंग्रजीचं काही लपत नाही," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

मग बाईंचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं, अंग गळालं. जळगावला तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. आमच्याकडे असलं दुखणं पेशंटला सांगत नाहीत. सांगितलं की माणूस हाय खातो, असंच सगळे मानतात. सरांचंही पक्कं ठरलं होतं, भागीला कळू द्यायचं नाही. डॉक्टरांना त्यांनी आधीच बाजूला गाठून विनवलं, "तिच्यासमोर इंग्रजीतच बोला."

डॉक्टर बिचारे इंग्रजीत बोलले. 'टर्मिनल' म्हणाले. सरांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बाई शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आपण काय करून बसलोय, हे त्या खुळ्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "साधी सूज आहे. गोळ्यांनी जाईल."

"हो का," बाई म्हणाल्या.

इच्छापूर आलं. बाईंनी बसल्या जागेवरून देवीला हात जोडले आणि बाहेर बघतच म्हणाल्या, "टर्मिनस म्हणजे हद्द. शेवट. तुम्हीच सांगितलंत ना?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"लपवायचंच होतं, तर मला शिकवलंत कशाला हो?" बाईंचा आवाज फाटला. "जळगावपासून मी ते पोटात घेऊन बसलेय. तुम्ही शेजारी, आणि मी एकटी! आता जे बोलायचं ते माझ्याशी बोला. मराठीत बोला."

सरांनी पुन्हा सुजेचं, गोळ्यांचंच सांगायला तोंड उघडलं. ते काही जमलं नाही. भरल्या बसमध्ये, लोकांदेखत, त्यांनी बायकोच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"भागी, मला तुझ्याशिवाय राहता येणार नाही गं."